‘जॉनी बी. गुड’ : एका गीताचें चिरतारुण्य

लोकप्रिय गाण्यांचें आयुष्य बहुधा एका हंगामाचें असतें. पावसाळ्यांतील अळंब्यांप्रमाणें तीं एका रात्रींत उगवतात, चार दिवस सर्वत्र दिसतात आणि ऊन पडतांच कोठें गेलीं याचा कोणी तपासहि करीत नाहीं. यांत वाईट कांहीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या क्षणासाठीं गाणें जन्मलें तो क्षण त्यानें रंगविला कीं त्याचें काम झालें. परंतु या गर्दींतूनच एखादें गाणें असें निघतें कीं तें काळाला दाद देत नाहीं. त्याचे पहिले श्रोते म्हातारे होतात, त्यांचीं मुलें-नातवंडें तेंच गाणें ऐकूं लागतात, आणि प्रत्येक पिढीला तें आपल्याच तारुण्याचें वाटतें. असें कां व्हावें, हा प्रश्न टीकाकारानें टाळण्याजोगा नाहीं. ‘लोकांना आवडतें म्हणून टिकतें’ या उत्तरानें तो सुटत नाहीं. कारण तें उत्तर म्हणजे तोच प्रश्न उलटा करून विचारणें होय.

या प्रश्नाच्या चर्चेसाठीं आम्ही अमेरिकन गायक चक बेरी याचें ‘जॉनी बी. गुड’ हें गीत निवडलें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचें ब्लूज व त्यांतून निघालेलें नृत्यसंगीत, आणि गोऱ्या ग्रामीण समाजाचें कंट्री संगीत, या प्रवाहांच्या संगमांतून रॉक अँड रोल नांवाचा प्रकार जन्मास आला. त्या प्रकारांतील हें गीत शिकागो येथील चेस कंपनीनें १९५८ सालीं बाजारांत आणलें. त्याची लांबी जेमतेम पावणेतीन मिनिटें. लोकप्रियतेच्या सर्वसाधारण यादींत तें आठव्या क्रमांकापर्यंत चढलें, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताची जी वेगळी यादी असे तींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत. म्हणजे त्या वर्षींहि तें सर्वांत यशस्वी ठरलें नव्हतें. परंतु त्या वर्षीं त्याच्या वर बसलेलीं कित्येक गाणीं आज संग्राहकांखेरीज फारशीं कोणाला आठवत नाहींत; हें मात्र त्या सबंध संगीतप्रकाराचें निशाण होऊन बसलें आहे.

गीताची कथा थोडक्यांत अशी. लुइझियाना प्रांतांत, न्यू ऑर्लिन्स शहराच्या बाजूस, रानांतल्या एका लाकडी झोपडींत जॉनी नांवाचा खेडवळ मुलगा राहतो. लिहिण्यावाचण्यांत त्याची गति बेताचीच; पण गिटार तो अगदीं लीलेनें वाजवितो. गोणपाटाच्या पोत्यांत ती गिटार घालून तो रेल्वेच्या रुळांजवळ जातो आणि झाडाखालीं बसून आगगाडीच्या ठेक्यावर वाजवीत राहतो. (त्या पोत्यासाठीं गीतांत जो ‘गनी’ शब्द आला आहे तो आपल्याच ‘गोणी’चा वंशज आहे, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) येणारेजाणारे लोक त्याचें वादन ऐकून वाहवा करतात. शेवटच्या कडव्यांत त्याची आई त्याला सांगते कीं, तूं मोठा होशील, वाद्यवृंदाचा नायक होशील आणि एखाद्या दिवशीं कदाचित् तुझें नांव दिव्यांच्या अक्षरांत झळकेल. एवढें सांगून कथा थांबते. मधल्या ध्रुवपदांत त्या मुलाला चाल, पुढें चाल, असें उत्तेजन तेवढें दिलेलें आहे.

आतां विद्वान् वाचकाचा पूर्वपक्ष आम्हांला ठाऊक आहे. तो म्हणेल, यांत विशेष तें काय? गरीब घरचा गुणी मुलगा आणि त्याच्या मोठेपणाचीं स्वप्नें पाहणारी आई हें कथाबीज सर्व देशांच्या वाङ्मयांत पडलेलें आहे. संगीताची गोष्ट म्हणाल तर तेंहि ठरीव सांच्याचें. बारा खंडांचें एक आवर्तन, प्रत्येक खंडांत चार ठोके. आरंभींचे चार खंड षड्जाच्या स्वरमेळावर, मग मध्यमाच्या स्वरमेळावर जाऊन परत येणें, शेवटीं पंचमाला स्पर्श करून पुन्हां मूळपदावर विसावणें. हा ब्लूजचा सांचा बेरीच्या पूर्वीं हजारों वेळां वापरला गेला होता. इतकेंच काय, गीताच्या प्रारंभीं गिटारीची जी प्रसिद्ध झेप आहे तीहि बेरीची स्वतःची नव्हे. लुई जॉर्डन याच्या १९४६ सालच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या आरंभीं कार्ल होगन या वादकानें वाजविलेली स्वरावलि तेथें जवळजवळ जशीच्या तशी आली आहे, आणि होगनचें ऋण बेरीनें लपविलेलेंहि नाहीं.

हा पूर्वपक्ष आम्हांला सर्वस्वीं मान्य आहे. कथा जुनी, सांचा जुना, आरंभाची झेपहि उसनी. मग गीताचें रहस्य या तिहींपैकीं एकांतहि सांपडणार नाहीं, हें उघड झालें. आमच्या मतें तें या तिहींच्या मांडणींत आहे.

गीत ऐकतांना घडतें काय, हें क्रमानें पाहावें. एक शब्दहि उच्चारला जाण्यापूर्वीं एकटी गिटार वाजूं लागते. तिचा तो आवेश, तो तीक्ष्ण, आत्मविश्वासानें भरलेला नाद ऐकतांच हा कोणी कसलेला वादक आहे याविषयीं श्रोत्याला शंका उरत नाहीं. लगेच इतर वाद्यें तिला येऊन मिळतात, आणि बारा खंडांचें एक आवर्तन पुरें झाल्यावर मग गायक कथा सांगूं लागतो. कथा कोणाची, तर ज्याचें नांव अजून कोणाला ठाऊक नाहीं अशा एका मुलाची. कडव्यामागून कडवें जातें आणि शेवटीं आई म्हणते कीं, हा मुलगा एक दिवस मोठा वादक होईल. श्रोत्याच्या कानांत मात्र ती गिटार पहिल्या क्षणापासून वाजतेच आहे. आई ज्या दिवसाची वाट पाहते तो दिवस श्रोत्याच्या दृष्टीनें गीताच्या पहिल्या पळालाच उगवलेला असतो. शब्द भविष्यकाळांत बोलतात आणि वाद्य वर्तमानकाळांत. आईच्या तोंडचा ‘कदाचित्’ श्रोत्याला हुरहुर लावतो, आणि त्याच वेळीं गिटार त्याला सांगत असते कीं, हें कधींच खरें झालें आहे.

आपल्या साहित्यशास्त्रांत व्यंजनेचें जें माहात्म्य सांगितलें आहे त्याचें याहून सुबोध उदाहरण आधुनिक गीतांत सहसा मिळणार नाहीं. जॉनी यशस्वी झाला, असें वाक्य गीतांत कोठेंहि नाहीं. तें तेथें घातलें असतें तर गीत एका बोधकथेच्या पातळीवर उतरलें असतें. बेरीनें तें वाक्य शब्दांना दिलें नाहीं, तारांना दिलें. म्हणून आश्वासन आणि त्याची पूर्ति या दोहोंचा आनंद श्रोत्याला एकाच वेळीं मिळतो, आणि गीत कितीहि वेळां ऐकलें तरी दोहोंपैकीं एकहि शिळा होत नाहीं.

हा आमचा केवळ तर्क नव्हे, याला बेरीच्याच दुसऱ्या एका गीताची साक्ष आहे. १९६० सालीं त्यानें ‘बाय बाय जॉनी’ या नांवानें या कथेचा पुढचा भाग लिहिला. त्यांत आई बँकेंतील आपली पुंजी काढते, मुलाला बसचें तिकीट काढून देते आणि तो चित्रपटांत काम करण्यासाठीं हॉलिवुडला जातो. गाणें चांगलें आहे. आईच्या मनांतील अभिमान आणि वियोगाचें दुःख या दोहोंचा मेळ त्यांत सुरेख साधला आहे. तरीहि पहिल्या गीताच्या मानानें तें जाणकारांच्या वर्तुळांतच राहिलें. पहिल्या गीतांत जें मोकळें सोडलें होतें तें दुसऱ्यांत भरून काढलें गेलें. मुलगा कोठें गेला व कशासाठीं गेला हें कळलें, आणि तो एका विशिष्ट माणसाचा वृत्तांत झाला. पहिला जॉनी अजून रुळांजवळ बसलेला आहे, म्हणूनच त्याच्या जागीं कोणालाहि बसतां येतें.

येथें कवि आणि काव्यनायक यांचा संबंधहि तपासला पाहिजे. जॉनी म्हणजेच बेरी, असें सर्रास समजलें जातें. तें अर्धवट खरें आहे. चक बेरीचा जन्म १९२६ सालीं मिसूरी प्रांतांतील सेंट लुइस या मोठ्या शहरांत झाला. वडील बांधकामाचा व्यवसाय करीत व चर्चच्या कामांत पुढाकार घेत; आई शिक्षणक्षेत्रांतली. म्हणजे घर सुशिक्षित, मध्यमवर्गीय, आमच्या वाचकांना ओळखीचें वाटावें असें. झोपडी, रान आणि निरक्षरतेच्या सीमेवरचें बाळपण हें त्याचें स्वतःचें नव्हे. नायकाचें नांवहि त्यानें जुळवून केलेलें आहे: ‘जॉनी’ हें त्याचा पियानोवादक सहकारी जॉनी जॉन्सन याच्यावरून सुचलेलें, आणि ‘गुड’ हें ज्या गुड अव्हेन्यू नांवाच्या रस्त्यावर बेरी जन्मला त्यावरून घेतलेलें. एक मित्र आणि एक रस्ता यांच्या जोडणींतून हा मुलगा घडला आहे. ज्या कवीचे उच्चार त्या काळच्या गायकांत विलक्षण स्पष्ट होते, ज्याच्या गीतांत प्रत्येक अक्षर मोजून बसविलेलें असतें, अशा शब्दप्रभूनें आपला नायक मात्र अक्षरशत्रु कल्पावा, ही गोष्ट सहज घडलेली नाहीं. पुस्तकी विद्येची प्रतिष्ठा ज्या घरांत होती त्याच घरांतील मुलानें सांगितलें कीं, विद्या दुसऱ्या वाटेनेंहि येते. आम्हां पदवीधरांना हें ऐकतांना थोडें अवघडल्यासारखें होतें, आणि तें होणें योग्यच आहे.

आतां या गीतांतील सर्वांत नाजूक स्थळाकडे वळतों. पुढें बेरीनें स्वतः सांगितलें आहे कीं, मूळ ओळींत त्यानें जॉनीला कृष्णवर्णीय मुलगा म्हटलें होतें; परंतु तसें ठेवलें तर गीत रेडिओवर वाजणार नाहीं, म्हणून तो शब्द काढून त्याच्या जागीं त्यानें ‘खेड्यांतला’ या अर्थाचा शब्द घातला. काळ कोणता होता हें ध्यानांत घ्यावें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १९५७ च्या सप्टेंबरांत, आर्कन्सॉ प्रांतांतील लिट्ल रॉक येथें नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एका शाळेंत प्रवेश करण्यासाठीं सैनिकांचें संरक्षण द्यावें लागलें होतें. अशा काळांत एका शब्दावरून दारें उघडत आणि मिटत. बेरीनें दार उघडून घेतलें.

या बदलाविषयीं रसिकांत एक सोयीचें मत रूढ आहे. तें असें कीं, शब्द बदलला हें बरेंच झालें. त्यामुळें गीत एका जातीपुरतें न राहतां सर्व मानवजातीचें झालें. आम्हांला हें मत पटत नाहीं. ‘कृष्णवर्णीय’ म्हटल्यानें गीत संकुचित होतें आणि ‘खेडवळ’ म्हटल्यानें विश्वव्यापी होतें, या म्हणण्यांतच एक अन्याय गृहीत धरलेला आहे. गोऱ्या मुलाची कथा ही माणसाची कथा आणि काळ्या मुलाची कथा ही काळ्यांची कथा, हा तो अन्याय. शब्द बदलणें हा गीताला मिळालेला प्रसाद नव्हता. तें त्याच्याकडून घेतलेलें जकातीचें नाणें होतें. तें नाणें देऊन गीत वेशींतून आंत आलें, आणि पुढें त्यानें अवघें गांव जिंकलें, हें खरें. पण म्हणून जकात न्याय्य ठरत नाहीं.

शिवाय काढलेला अर्थ खरोखर निघून गेला काय? बेरी चतुर होता. शब्द गेला तरी स्थळ त्यानें सोडलें नाहीं. आपल्या आत्मचरित्रांत त्यानें सांगितलें आहे कीं, न्यू ऑर्लिन्सचें नांव त्यानें निवडलें तें आफ्रिकेंतून आणलेले गुलाम तेथें वेगळे काढून विकले जात, ही गोष्ट मनांत ठेवून; आणि रानांतली झोपडी त्याला आपल्या पणजोबांविषयीं ऐकलेल्या गोष्टींतून मिळाली. अमेरिकेंतील यादवी युद्धापूर्वीं गुलामांचा सर्वांत मोठा बाजार याच शहरांत भरत असे. हें ठाऊक असलेल्या श्रोत्याला पहिल्याच ओळींत मुलाचा वर्ण कळतो. आणि मग आईच्या आशीर्वादाचा अर्थहि पालटतो. ज्या शहराच्या बाजारांत माणसांची किंमत पुकारली गेली, त्याच्याच आसपास एक माता म्हणते कीं, माझ्या मुलाचें नांव दिव्यांत झळकेल. नाचण्यासाठीं केलेल्या गाण्यांत एवढें ओझें आहे, आणि तें ओझें नाचणाऱ्याच्या पायांना जाणवत नाहीं, हें कौशल्य सामान्य नव्हे.

गीतानें मोकळी ठेवलेली जागा पुढच्या गायकांनीं कशी भरली, हें पाहणेंहि उद्बोधक आहे. बीटल्स मंडळानें १९६४ सालीं बीबीसीसाठीं तें गाइलें. एल्विस प्रेस्ली रंगभूमीवर तें गात असे. जिमी हेंड्रिक्सनें १९७० सालीं बर्कली येथें तें इतक्या उग्रतेनें वाजविलें कीं रुळांजवळचा तो मुलगा आगगाडींत बसण्याऐवजीं तिला मागें टाकूनच गेला असें वाटावें. सर्वांत मार्मिक रूप जमेकाच्या पीटर टॉश याचें. १९८३ सालीं त्यानें हें गीत रेगे पद्धतीच्या संथ लयींत बसविलें, आणि लुइझियानाच्या जागीं आपल्या बेटावरील मँडेव्हिल गांव घातलें. मूळ गीताच्या पोटांत दडलेली आफ्रिकी वंशाच्या लोकांची कथा अशा रीतीनें त्याच वंशाच्या दुसऱ्या शाखेनें उघडपणें आपली म्हणून उचलली.

याच्या उलट टोकाला १९८५ सालचा ‘बॅक टू द फ्यूचर’ हा चित्रपट आहे. त्यांत भविष्यकाळांतून आलेला एक गोरा मुलगा १९५५ सालच्या नृत्यसमारंभांत हें गीत वाजवितो, आणि तेथील एक वादक टेलिफोनवरून आपल्या चुलतभावाला, म्हणजे चक बेरीला, तें ऐकवितो. प्रसंग मोठा विनोदी आहे आणि अनेक तरुणांना या गीताची पहिली ओळख त्यानेंच करून दिली, हें उपकार मानलेच पाहिजेत. परंतु त्या विनोदाचा तार्किक शेवट असा होतो कीं, बेरी मुलाकडून शिकला आणि मुलगा बेरीकडून. गीत कोणींच रचलें नाहीं. ज्या गीतांतून एकदां नायकाचा वर्ण पुसला गेला त्याच्या कर्त्याचें श्रेयहि थट्टेंत कां होईना पुसलें जावें, हें पाहून हंसतां हंसतां आमचें हंसूं थोडें ओसरतें.

कर्त्याचें श्रेय राखावयाचें तर त्याचे दोषहि झाकूं नयेत. एका अल्पवयीन मुलीला प्रांताबाहेरून आणल्याच्या प्रकरणांत बेरीला शिक्षा झाली आणि १९६२ व १९६३ या सालांत तो तुरुंगांत होता. आईच्या भविष्यवाणींतील जॉनीइतका त्याचा जनक निष्कलंक नव्हता. गीताच्या गुणांनीं हा अपराध धुतला जात नाहीं, आणि या अपराधानें गीताचे गुणहि नष्ट होत नाहींत. वाचकानें दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, एवढेंच आमचें म्हणणें.

शेवटीं या गीताला मिळालेल्या एका अपूर्व सन्मानाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याच्याशीं महाराष्ट्राचें व गोमंतकाचें नातें आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. प्रत्येकावर एक सोनेरी मुलाम्याची तबकडी आहे, आणि दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळ कोणी बुद्धिमान् प्राणी असलेच तर त्यांना पृथ्वीचा परिचय व्हावा म्हणून तींत संगीताचे २७ नमुने कोरले आहेत. बाख, मोझार्ट व बीथोव्हन यांच्या जोडीला तेथें ‘जॉनी बी. गुड’ आहे, आणि भारतातर्फे गोमंतकांतील केरी गांवीं जन्मलेल्या, अल्लादियाखांसाहेबांच्या तालमींत तयार झालेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. दुसरें यान निघाल्यावर थोड्याच दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई निवर्तल्या.

निवड चालू असतां लोकगीतांचे थोर संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनीं बेरीच्या गीताला हरकत घेतली होती; हें संगीत पोरवयाचें आहे, असा त्यांचा आक्षेप. त्यावर निवडसमितीचे प्रमुख कार्ल सेगन यांनीं उत्तर दिलें तें असें कीं, या पृथ्वीवर पोरवयाचीं माणसेंहि पुष्कळ आहेत. हें उत्तर विनोदी असलें तरी वरवरचें नाहीं. केसरबाईंची भैरवी ही अनेक वर्षांच्या तपश्चर्येचें फळ आहे, आणि जॉनीची गिटार ही त्या तपश्चर्येच्या आरंभींची उमेद आहे. एकीवरून दुसरीची किंमत ठरवूं गेल्यास दोहोंवर अन्याय होईल. मानवाचा परिचय करून द्यावयाचा तर त्याच्या परिपक्वतेबरोबर त्याची उमेदहि सांगितली पाहिजे.

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतहि लोमॅक्स यांचा पक्ष घेणारे पुष्कळ आहेत. घरांतील मुलांनीं असलें कांहीं लावलें कीं वडील माणसांचा हात आवाज कमी करण्याकडे जातो. त्यांना आमची एवढीच विनंति आहे कीं, या गीतापुरता तरी तो हात क्षणभर आवरावा आणि गायकाच्या तोंडून शब्द निघण्यापूर्वींचें गिटारीचें एक आवर्तन पुरतें ऐकून घ्यावें. त्याला अर्धें मिनिटहि लागत नाहीं.